नेवेनाकडचा मुक्काम

“पाय वर करून पडायला हे काय इस्पितळ आहे?” नेवेनानं दुधाची बादली बिसेराच्या पुढ्यात आदळली. “चल. शेळ्या खोळंबल्यात.”

बिसेरानं डोळे मिटून घेतले. इस्तंबूल सोडल्यापासून तिनं एक दिवसही सायकल थांबवली नव्हती. काल संध्याकाळी डॅन्यूबकाठच्या या बल्गेरियन गावात उजवा गुडघा टम्म सुजला. ‘खोली मिळेल’ अशी पाटी दिसली आणि ती या फाटकातून आत शिरली. अजून नदीच्या उगमापर्यंत, थेट जर्मनीत जायचं होतं. आजचा दिवस झोपून काढायचा, एवढंच तिला हवं होतं.

“मावशी, मी पाहुणी आहे तुमची.”

“मग पाहुणीसारखी ऐक. ऊठ.”

बिसेरा उठली ती निव्वळ संतापानं.

गोठ्यात तर कहरच झाला. “डावीकडची लाथ मारते. तिच्यापुढे आधी पाला टाकायचा. असा नाही, असा! हात आहेत का लाकडं?” धार काढून होईपर्यंत म्हातारी डोक्यावर उभी होती. थेंब सांडला तरी बोलत होती.

“नेवेना! कॉफी!”

ओसरीवरून काठी आपटल्याचा आवाज आला. नेवेनाचा नवरा गांचो खुर्चीत बसला होता. त्याचे पाय धड होते, पण उठायची सवय मोडली होती.

“दोन उकळ्या आणायच्या,” नेवेना चुलीपाशी पुटपुटली. “साखर नाही, डॉक्टरनी बंद केलीय. ओरडेल. ओरडू द्यायचं.”

“मला कशाला सांगताय? मी उद्या जाणार आहे.”

“ऐकून कान झिजतात का तुझे?”

गांचोनं कॉफीचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि बिसेराला न्याहाळलं. “हीसुद्धा हिंडायची हो सायकलवर. चार गावांचं टपाल वाटायची. लग्न झालं त्या आठवड्यात मी सायकल देऊन टाकली भंगारवाल्याला.” तो खो खो हसला. “बाईमाणूस जागेवर बरं.”

“बरंच केलं त्यांनी,” नेवेना कप पुसत म्हणाली. “डोक्यातली हवा गेली माझ्या.”

बिसेराला म्हाताऱ्याचा राग आला, त्याहून जास्त म्हातारीचा आला. असल्याच बायका असल्या पुरुषांना डोक्यावर बसवतात.

दुपारी ती खोलीतून बाहेर आली तर नेवेना तिची सायकल अंगणात फिरवत होती.

“हात लावू नका!”

“खात नाही तुझं लोखंड. कपडे वाळत घालायला आडवं येत होतं.” नेवेनानं बिसेराचे धुतलेले कपडे दोरीवर टाकले. “चढावर काय करतेस? ढकलत नेतेस ना?”

“ढकलत कशाला? हे गियर लावते आणि चढते.”

“थापा.”

बिसेरानं तिरीमिरीत मागचं चाक उचललं, पॅडल फिरवलं आणि एकेक गियर टाकून दाखवला. “दिसलं?”

“आणि रानात झोपतेस. कुत्री फाडतील एखाद्या दिवशी.”

“कुत्रं आलं की खाली उतरायचं, सायकल मध्ये धरायची. ते थांबतं.”

“सीमेवर नाही अडवत असल्या भटक्या बायांना?”

“ओळखपत्र दाखवलं की सोडतात. अजून काही?”

“घरी विचारणारं कोणी नाही वाटतं.”

मग मात्र बिसेराचा बांध फुटला. तिच्या बितोला गावातल्या घरात आई वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होती. भाऊ ईस्टरला यायचे, कोकराचं मटण खाऊन जायचे. आईच्या उशाशी घंटा होती. ती दिवसभर वाजायची आणि दिवसभर बिसेरा धावायची. “आई गेली आणि मी बाहेर पडले. पुन्हा कुणाच्या हाकेला उठणार नाही, अशी शपथ घेतलीय मी! तुमच्या तर नाहीच नाही!”

ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेळ्या दचकल्या.

नेवेनानं दोरीवरचा शेवटचा मोजा सरळ केला. “तुझं संपलं तरी,” ती म्हणाली आणि रिकामं घमेलं उचलून आत गेली.

संध्याकाळी तिनं काकडी घातलेलं गार दही आणि चीजची गरम बनित्सा समोर ठेवली. बिसेराच्या गुडघ्यावर राकिया, घरची कडक दारू, ओतली, कोबीचं पान बांधलं आणि गाठ करकचून आवळली.

“दोन दिवस पाय टेकवायचा नाही.”

“उद्या पहाटे निघणार मी.”

“बघू.”

या ‘बघू’नंसुद्धा बिसेराचं डोकं फिरलं. हिची परवानगी कोण मागतंय? तणतणतच ती झोपी गेली.

काठीच्या आवाजानं तिला जाग आली. ऊन खोलीभर पसरलं होतं.

“नेवेना! कॉफी!” गांचो आतल्या खोलीतून ओरडत होता.

बिसेरानं उशी कानांवर दाबली. काठी थांबेना. गोठ्यातून शेळ्याही बें बें करू लागल्या. ही बाई बहिरी झाली की काय? शिव्या घालत, लंगडत ती बाहेर आली.

चूल थंड होती. दुधाची बादली दाराशी पालथी पडली होती. ओसरीवर बिसेराच्या सामानाच्या पिशव्या नीट रचून ठेवल्या होत्या, वर तिच्या कपड्यांच्या घड्या होत्या. तंबू तेवढा दिसेना.

“मेलीस का काय, नेवेना?” आतून गांचो ओरडला.

अंगणात सायकल नव्हती. फाटक सताड उघडं होतं आणि दवानं भिजलेल्या धुळीत चाकांचा माग गावाकडं न जाता नदीच्या वरच्या अंगाला, जर्मनीच्या रस्त्याला लागला होता.