मैनेची लाखोरी

मैनेने तिसऱ्यांदा उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय रोवले, मान ताणली, पण मागचे पाय काही आले नाहीत. ती धपकन बसली आणि तिच्या गळ्यातून घरघर सुरू झाली. बकाराम तिच्या पोटाला खांदा लावून रेटत होता. पासष्टीच्या माणसाने घोडी उचलायला जायचं म्हणजे वेडेपणाच, पण त्याला कोण सांगणार? सुलोचनाबाई, त्याची बायको, जनावरांच्या कोठ्याच्या दारात उभी राहून नुसती बघत होती.

अर्जुनीहून आलेली जनावरांची डॉक्टरीण वयाने लहान होती, हात मात्र जाणता होता. तिने मैनेचे मागचे पाय चेपून पाहिले, गळ्याशी कान नेला आणि विचारलं, "हिवाळाभर हिला खायला काय दिलंत, काका?"

काय देणार? यंदा केशोरी गावातला बहुतेक धान हार्वेस्टरने कापला. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, शेतातल्या बांधीतच पडून राहिली, वरून कार्तिकातला अवकाळी पाऊस, सगळी काळी पडली. बुरशी धरलेली तणस घोड्याच्या पोटात गेली की शूळ उठतो. म्हणून बकाराम रोज सकाळी विळा घेऊन कालव्याच्या काठाने निघे, आणि मिळेल तेवढं गवत भाऱ्यात बांधून दिवस कलता कलता परते. तेवढ्याने घोडीचं पोट भरत नाही. वरून कोंडा, चण्याची टरफलं, गुळाचा खडा.

"अन् लाखोरी," बकाराम म्हणाला. धानाच्या बांधीत मागाहून पेरतात ती लाखेची डाळ.

डॉक्टरीणबाईने मान वर केली. "लाखोरी? घोड्याला? बैलांना चालते ती, काका. घोड्याच्या मागच्या पायांतलं बळ जातं तिने. गळ्यावरही जाते."

"ठाऊक आहे, बाई. माया बाप सांगे. मूठभर द्या, रातभर भिजवा, पानी फेकून द्या."

"मुठीने एवढं होत नाही. किती देत होतात?"

बकारामने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. "गंजभर," तो म्हणाला. "मीच देत होतो. रोज."

सुलोचनाबाई दारातून एक पाऊल आत आली. बकाराम संध्याकाळी मूठभरच देई, तिने अंगणातून डोळ्यांनी पाहिलं होतं. उलट त्याच्या त्या मुठीवर ती मनात चिडायची. घरची लाखोरी, कणगी भरलेली, आणि हा माणूस अशी मोजून का टाकतो? गंज, म्हणजे ते भरलेलं पातेलं, तिचा होता.

मैना वीरेंद्रची, त्यांच्या मुलाची, घोडी. त्यानेच तिला नाचायला शिकवलं, प्रतापगडच्या यात्रेत मिरवलं, पंचक्रोशीतले नवरदेव तिच्यावर बसवले. तीन वर्षांपूर्वी मोटरसायकल घसरल्याचं निमित्त झालं आणि एकुलता एक पोरगा गेला. त्यानंतर सुलोचनाबाईने कोठ्यात पाऊल टाकलं नाही. घोडी विकून टाका, एवढंच ती अधूनमधून म्हणे. एरवी घरात बोलणं असं उरलंच नव्हतं. भात झाला, पाणी ठेवलं, दिवा लावला, संपलं.

पौष महिन्यात एका दुपारी ती शेण उचलायला म्हणून कोठ्यात गेली आणि मैनेच्या फासळ्या दिसल्या. मैनेने तिच्या पदरात तोंड खुपसलं. सुलोचनाबाईला भडभडून आलं. त्या दिवसापासून बकाराम गवताला गेला की ती लाखोरी शिजवी, वर गूळ घाली, आणि पाणी अजिबात फेकत नसे, कारण सत्त्व सगळं पाण्यात उतरतं हे कोणत्या बाईला ठाऊक नाही? लाखोरीची डाळ ती स्वतः खाऊनच मोठी झाली होती. गंज रिकामा होईपर्यंत ती तिथेच बसून राही. पंधरा दिवसांत मैनेच्या अंगावर तुकतुकी आली. नवऱ्याला सांगणार कोणत्या तोंडाने? तीन वर्षं विका विका म्हणणारी तीच. मग माघात मैनेचे पाय थरथरायला लागले, तेव्हा तिने अशक्तपणा समजून गंज आणखी भरला.

डॉक्टरीणबाईने सुया टोचल्या. निघताना बकारामला बाजूला घेऊन म्हणाली, "उठली तरी वरातीत चालायची नाही. आणि मला नाही वाटत, ती उठेल."

गाडी गेली. बकाराम परत येऊन मैनेजवळ बसला आणि तिच्या मानेवरून हात फिरवू लागला. सुलोचनाबाईला आता राहवलं नाही. ती येऊन त्याच्यासमोर मातीत बसली.

"तुमी नाही जी दिली. मी दिली. रोज दुपारी. मीच मारलं हिले."

"मले माहीत आहे."

"कवापासून?"

"दुसऱ्याच दिवसापासून. विळा मोडला होता, दुसरा घ्याले दुपारी वापस आलो तं तू इथं बसून होती."

"अन् तुमाले ठाऊक होतं, लाखोरीनं घोडी जाते?" तिने विचारलं. "मंग मले थांबवलं काऊन नाही?"

बकारामने मैनेच्या आयाळीतली गुंत बोटांनी सोडवली.

"मंग रोजच वापस येत होतो, अन् मांगच्या कुडाआड उभा राहत होतो," तो म्हणाला. "तू हिले वीरेंद्रच्या गोठी सांगून राहिली होती. तीन वर्सानं हासून राहिली होती. दोघींतली एकच वाचत होती, सुलोचना. मी तुले वाचवलं."