बदल कोणी केला

अरे, आपला कडुबा त्या दिवशी पार चक्रावला होता! विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागून चारच दिवस झालेले, अन् हा छावणीतल्या कॉम्प्युटर क्लासात एका खुल्या सॉफ्टवेअरचं माहितीपुस्तक नव्यानं टाइप करायला बसलेला. पहिल्याच पानावर परवाना: कुणीबी छापा, वाटा, बदला, पण ही सूचना जशीच्या तशी ठेवा. अन् त्या सूचनेत, लिहिणाऱ्यांच्या नावापुढं, विद्यापीठाचं जुनंच नाव!

"सर, हे बदलू का?"

"सूचनेला हात नाय लावायचा, लेका. परवानाच मोडतो."

"मग जुनंच छापू? घरी कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

"खाली नवी ओळ टाक की! काय बदललं, कधी अन् कोणी. तेवढं तर लिहावंच लागतं."

कडुबानं लिहिलं, बदल: विद्यापीठाचं नाव. तारीख: १४ जानेवारी १९९४. 'कोणी'पाशी मात्र गडी अडकला. स्वतःचं नाव टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं, परत पुसलं. शेवटी एक नाव टाकून हात बाजूला घेतला.

सर वाकून वाचायला लागले. "भामाबाई? ह्या कोण बुवा?"

"माझी आई."

"तिला कॉम्प्युटर येतो व्हय?"

"नाय सर. पण नाव तिनंच बदललं. दोनदा जेलात जाऊन."