गळकी तोटी

आबांचं वर्षश्राद्ध आटोपलं, तसा जयवंत बंबाची गळकी तोटी बदलायला बसला. तोटी कसली, ध्यानच होतं ते! मोडक्या उलथन्याचा वीतभर दांडा तिच्या मुठीला तांब्याच्या तारेने करकचून बांधलेला. “आबांचे एकेक उद्योग!” म्हणत त्याने ती काढली आणि भंगारात टाकली. नवी पितळी तोटी अशी चपखल बसली की थेंब गळेना.

“छान झालं हो,” आई म्हणाली आणि नव्या गोल चावीवरून तिने नुसता तळवा फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच बंब पेटवला. पाणी कढत झालं, आई मोरीत गेली. बाहेर आली ती कुडकुडतच.

“गार पाण्याने अंघोळ केलीस? या थंडीत?”

“चालतं रे एखादे दिवशी.”

ती पदर सावरू लागली, आणि जयवंतचं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. संधिवाताने आखडलेली ती बोटं पदरावरही मिटत नव्हती. चावी कुठली फिरवणार? तो दांडा मनगटाने ढकलण्यासाठी होता.

त्याने भंगारातून दांडा शोधून आणला आणि नव्या तोटीला बांधला. आईने मनगट टेकवलं, हलकेच लोटलं. वाफाळतं पाणी बादलीत पडू लागलं.

“मला सांगायचं नाही का गं?” त्याने विचारलं.

आई धारेकडे बघत राहिली. “ह्यांना तरी कुठे सांगितलं होतं?”