धरणीचे दोन थेंब

मेक्सिकोच्या सहलीतली ही चौथी भट्टी होती आणि वासेकर जमादारांचे गुडघे बोलू लागले होते. मुलगी-जावई घायपाताची दारू घोट घोट चाखत होते. जमादार ओंडक्यावर टेकले. दारूबंदीच्या नोकरीत तीस वर्षं जंगलातल्या मोहाच्या भट्ट्या फोडल्या, आता काय चाखायचं?

भट्टीवाल्या म्हातारीने वाटी भरली आणि पिण्याआधी दोन थेंब मातीवर शिंपडले.

"धरणीमातेला देते म्हणे," जावई कौतुकाने म्हणाला.

जमादारांची मान खाली गेली. एकदा छाप्यात, मोहाच्या भट्टीवर असेच थेंब शिंपडणाऱ्या बाईला त्यांनी हसून म्हटलं होतं, "मग सगळीच दे की धरणीला!" आणि लाथेने मडकं उलथवलं होतं. ती रडली नव्हती. ओल्या मातीकडे बघत राहिली होती.

म्हातारी पुढची वाटी भरायला जड मडकं कलतं करू लागली. ते तिला पेलत नव्हतं. जमादार कण्हत उठले आणि त्यांनी मडक्याला खालून दोन्ही हात लावले.

"बाबा, तुम्ही घेणार?" मुलगी हसली. "आजवर थेंबाला शिवला नाहीत!"

"नाही गं," ते म्हणाले. "सांडायला नको, एवढंच."