पंच कुठाय?

कबड्डीचे पंच म्हणून तालुक्यात नाव असलेले चिमणकाका गळ्यातली शिट्टी चाचपत डहाणूच्या किनाऱ्यावर फ्रिस्बीचा खेळ बघत होते. तबकडी तरंगायची, पोरं झेपावायची आणि वाद झाला की आपसांत मिटवून पुन्हा धावायची. काकांना राहवेना. “संगिता, तुमचा पंच कुठाय गं?” पुतणी हसली. “पंच नसतोच, काका. ज्याचं त्यानं खरं सांगायचं. उतरा, आमच्यात एक कमी आहे!” विजार दुमडून काका उतरले. बरोबरी होती. जिंकून देणारी तबकडी समुद्राकडच्या रेघेशी काकांनी झेपावून छातीशी धरली. तेवढ्यात लाट आली, रेघेसकट पावलाचा ठसा पुसून गेली. समोरच्या संघातला मुकेश धापा टाकत म्हणाला, “काका, पाय आत होता का? तुम्ही सांगाल ते खरं.” जन्मभर दुसऱ्यांचे पाय पाहिलेल्या काकांनी स्वतःच्या पायाकडे बघितलं आणि शिट्टी फुंकली. “चिमण, आऊट!”