आधी कोण उठणार

मोहाच्या फुलांच्या दिवसांत उंबरमाळीजवळच्या एका पाड्यावर वाशिंदच्या संजीवनीताईंची कार्यशाळा सकाळी लवकरच सुरू झाली. विषय होता, पुढाऱ्याशिवाय गाव. "इथे कुणी कुणाचा साहेब नाही, मीसुद्धा नाही," ताई म्हणाल्या. "ज्याला जायचंय त्याने खुशाल उठावं. मला विचारायचं नाही."

कुणीच उठलं नाही. ऊन अंगणात आलं तरी पाड्यावरच्या बाया बसूनच होत्या. त्यांच्यातली मंगळी तेवढी अधूनमधून बाहेर बघायची. इतकं मन लावून ऐकणारी माणसं ताईंना आजवर कुठे भेटली नव्हती. त्या भरात त्या दुपारपर्यंत बोलत राहिल्या.

मंगळी त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत आली. वाटेत मोहाखाली बकऱ्या उरलीसुरली फुलं खात होत्या आणि बुंध्याशी रिकाम्या टोपल्या पडल्या होत्या. पहाटे गळलेली ती फुलं ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, हे ताईंना आत्ता आठवलं.

"मंगळी, अगं मग उठला का नाहीत?" ताईंनी विचारलं.

 

"पाव्हनी उठल्याशिवाय आमच्यात कोन उठत नाय, ताई. आमी सगल्या तुमच्या उठायचीच वाट बघत होतो."