राहू दे

कानातल्या यंत्राची संरक्षण योजना संपत आली, तेव्हा ईरा वडिलांना म्हणाली, "बाबा, दुरुस्तीचं तेवढं घे. सोबत गळ्यात मारलेलं बाकी सगळं काढून टाक. तू कधी बघतोस ते?"

निरंजनराव पोहे खात होते. यंत्राने कानातच विचारलं, "चित्रपट ठेवायचे का?"

"राहू दे," ते म्हणाले. चित्रपट बंद झाले.

"बातम्या?"

"राहू दे." बातम्याही बंद झाल्या.

"हेमांगी यांचा आवाज?"

घास हातातच राहिला. हेमांगी जाऊन चार वर्षं झाली होती, पण रोज सकाळी यंत्र तिच्याच आवाजात विचारायचं, "गोळी घेतलीस का रे?" तो आवाज आईचा नाही, आईसारखा आहे, असं ईरा म्हणायची. ते त्यांनाही पटायचं. ते हळूच म्हणाले, "राहू दे."

"धन्यवाद. आवाज कायमचा पुसला आहे."

बाबांकडून हे कळताच ईराने तातडीने कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई नम्रपणे म्हणाली, "मॅडम, आधीची दोन्ही 'राहू दे' म्हणजे 'नको'च होती ना?"

फोन ठेवून ईरा कढई घेऊन आली. "बाबा, आणखी थोडे पोहे वाढू?"

"राहू दे."

ईरा डाव हातात धरून तशीच उभी राहिली. यातलं कुठलं 'राहू दे' म्हणजे 'वाढ', हे आईला न विचारता कळायचं.